विषय : दहा इंची अ‍ॅडजस्टेबल पान्यावरची मापपट्टी चुकीची असल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

स.न.वि.वि.

मी तासगाव तालुक्यात शेतीपंप दुरुस्तीचं काम करतो. या कामाला २१ वर्षं झाली. तुमचा मापपट्टीवाला दहा इंची पाना (चाकी फिरवून जबडा नटाएवढा उघडता येणारा) मी माघ महिन्यात सांगलीतल्या दुकानातून घेतला. पट्टी नसलेला पाना शेजारीच होता आणि दोनशे रुपयांनी स्वस्त होता. ते दोनशे रुपये मी त्या पट्टीसाठीच मोजले, म्हणून हे पत्र.

या पान्याचा जबडा मिटला की पट्टीवर शून्य दिसायला हवं, तिथे १ दिसतं. त्यामुळे १७ चा नट १८ दाखवतो. एका मिलिमीटरने काय होतं, असं तुमच्या फोनवरच्या माणसाने मला विचारलं. काय झालं ते सांगतो.

एप्रिलमध्ये एका बागायतदाराच्या विहिरीत पंपाच्या डिलिव्हरी पाइपाचा फ्लँज, म्हणजे नट-बोल्टने आवळलेला जोड, गळत होता. द्राक्षांची खरड छाटणी नुकतीच झालेली, बागेला पाणी हवंच होतं आणि थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. मी शिडीने तीस फूट खाली मोटारीपाशी उतरलो, भाचा वर हत्यारांच्या पिशवीजवळ. अशा वेळी मी पाना नटाला लावून माप वाचतो आणि वर ओरडून तेवढ्याच मापाचा रिंग पाना (नटाला चारी बाजूंनी धरणारा, ठरलेल्या मापाचा) मागतो. गंजलेला नट अ‍ॅडजस्टेबलने सोडवायचा नसतो, रिंगनेच सोडवायचा. पट्टीवर १८ दिसलं. १८ चा रिंग पाना बादलीतून खाली आला. नटावर बसलाही, जरा सैल लागला. गंजाने नट झिजला असेल असं समजून जोर दिला आणि पाना सटकला. नटाचे कोपरे गेले, माझी बोटं दगडावर सोलवटली. नट १७ चा होता. मग छिन्नीने तो फोडण्यात दोन तास गेले आणि पंप सुरू होईपर्यंत लाइट जायची वेळ झाली. त्या रात्री बाग कोरडी राहिली. शेतकरी मला काही बोलला नाही, पण मला ते फार लागलं.

पूर्वी दहा मिलिमीटरच्या बोल्टला १७ चा आणि बाराच्या बोल्टला १९ चा नट हे डोळे मिटून सांगता यायचं. आता नव्या मालात दहाला १६ आणि बाराला १८ चाही येतो. एकाच फ्लँजवर १६, १७, १८, १९ असे चारही नट मी काढलेत. जुन्या पंपांवर तर चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचे, जुन्या इंची मापाचे व्हिटवर्थ बोल्ट अजून आहेत. त्याचा नट साधारण २३.४ मिलिमीटर भरतो. पट्टी खरी असेल तर माप २३ आणि २४ च्या मधे थांबतं आणि मला लगेच कळतं की इथे २४ चा पाना लावायचा नाही, जुना सुती संच काढायचा. विहिरीत उतरताना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) कोण घेऊन जातो? एक हात शिडीला असतो. हातातल्या पान्यानेच माप सांगितलं की फेऱ्या वाचतात, दुकानात नवा नट मागतानाही अडत नाही. वर असतानाच जबडा २४ वर लावून उतरलं की अंधारात चाकी फिरवत बसावं लागत नाही.

हे मी तुमच्याच जुन्या पान्यावर शिकलो. तो नऊ वर्षं वापरला, गेल्या वर्षी नदीत पडला. त्याच्या रेघा पोलादात खोल कोरलेल्या होत्या. अंगठ्याने पुसलं की वरचं ग्रीस निघायचं, रेघांतलं काळं तसंच राहायचं आणि बॅटरीच्या उजेडात आकडा ठळक दिसायचा. नव्या पान्यावर रेघा पांढऱ्या रंगाने छापल्यात. तीनदा रॉकेलने धुतला, तर २० च्या पुढचे आकडे गेले.

दुकानदाराने पाना बदलून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा आम्ही दोघांनी आणखी तीन पाने उघडून पाहिले. एकात मिटल्यावर दीड दिसत होतं, दुसऱ्यात शून्याच्याही अलीकडे, तिसरा तेवढा बरोबर होता, पण त्याचा जबडा इतका हलत होता की एकाच नटाची दोन मापं आली. चूक सगळ्यांत सारखी असती तर वजा करून भागवलं असतं.

फोनवर ‘पट्टी फक्त अंदाजासाठी असते’ असं उत्तर मिळालं. खोक्यावर तसं कुठेही छापलेलं नाही.

मला पैसे परत नकोत. जबडा मिटल्यावर शून्य दाखवणारा, कोरीव रेघांचा पाना बदलून द्या. आणि कारखान्यातून निघण्याआधी प्रत्येक पाना एकदा मिटवून आणि एकदा १९ च्या ठोकळ्यावर लावून तपासा. चार पान्यांचे फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. पाना मी तसाच ठेवला आहे, तुमचा माणूस आला तर त्याच्यासमोर व्हर्नियर लावून दाखवतो.

कळावे,
आपला एक जुना ग्राहक
पंप फिटर, तालुका तासगाव, जिल्हा सांगली