काहिलीचा चटका

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर काही बोलायला घेतलं की तू "हो आबा, हो आबा" करतेस आणि पाठीमागे कुणीतरी गिटार जुळवत बसलेलं असतं. म्हणून शेवटी कागद घेतला. एस.टी.त ३१ वर्षं काढली, पण रजेचा अर्ज सोडून दुसरं काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षर चालवून घे.

परवा दादानं मोबाइलवर तुमचे फोटो दाखवले. एकात तुम्ही सहाजणं कुणाच्या तरी फ्लॅटवर गोल करून बसलाय आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजलेत. पुढच्या फोटोत ताम्हिणी, नुकतं उजाडतंय, धुक्यात गाड्या ओळीनं उभ्या आणि तू हेल्मेट हातात घेऊन हसतेयस. दादा म्हणाला, बघा कसली मजा करते. मी मात्र कुडता बघितला. दोन्ही फोटोंत निळा, तोच, बाहीवर तोच चहाचा डाग. म्हणजे पावणेतीनला गाणं चालू होतं आणि उजाडायला तू घाटात होतीस. मधे तुझी पाठ अंथरुणाला लागलेली नाही.

बाकी कशाबद्दल माझं म्हणणं नाही, हे आधी लिहून टाकतो. आत्या काय म्हणते ते सोड, तिला सायकलवरची बाईसुद्धा अजून खटकते. खळ्यावर स्प्लेंडर धरून तुला क्लच सोडायला मीच शिकवलं, आता बुलेटला नावं ठेवली तर माझंच हसं होईल. गाण्याचंही तसंच. तुमच्यातला तो जाड चष्म्याचा पोरगा लाकडी खोक्यावर बसून खोकंच बडवतो, त्याचं मला फार नवल वाटलं. आमच्याकडे पेटी पुढ्यात घेऊन वाजवतात, तुमच्याकडे पेटीवर बसून. पण हात गोड आहे त्याचा, ठेका सोडत नाही.

रात्रीचं गाणं काय असतं ते मला सांगायला नको. एकादशीच्या जागराला देवळात बसायचो तेव्हा पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक थापण्यापासून सुरुवात. कणीक जरा जास्त झाली की आवाज बसका, कमी झाली की कोरडा, म्हणून थाप मारायची, बघायचं, चिमूटभर काढायची. यातच अर्धा तास जायचा आणि कुणाला घाई नसायची. बाराच्या आधीचं गाणं लोकांसाठी आणि त्यानंतरचं आपल्यासाठी, असं आमचा बुवा म्हणायचा. खरंच, अडीच-तीनला गळा असा काही लागतो की आपलाच आहे का म्हणून शंका यावी. तुमच्या पुण्यात सवाई गंधर्वलासुद्धा पूर्वी रात्र रात्र बैठका चालायच्या. ललित, भैरव हे पहाटेचे राग त्यांच्या खऱ्या वेळेला ऐकायचे तर जागायलाच हवं. आता दहाचा नियम आला. त्यावरून आठवलं, तुमचा तो स्पीकर दहाला बंद करत जा. गिटार काय स्पीकरवाचून वाजत नाही? आमचं भजन रात्रभर बिनस्पीकरचं चालायचं आणि शेजारची म्हातारी म्हणायची, तुमच्यामुळं चांगली झोप लागली. सोसायटीच्या चेअरमननं फोन केला तर तो मला येतो, तुला नाही. घरभाड्याच्या करारावर सही माझी आहे.

पण जागराचा एक शिरस्ता होता. पहाटे आरती, मग बारस सोडायची, आणि जेवून दुपारपर्यंत ताणून द्यायची. त्या सकाळी कुणी औताला हात लावायचं नाही. बैल गोठ्यातच. लहानपणी मला वाटायचं हे देवाधर्माचं काहीतरी असेल. तसं काही नव्हतं. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हाती बैल आणि फाळ द्यायचा नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

कराड-चिपळूण मी किती वेळा केलं असेल, मोजलं नाही. पावसाळ्यात हेळवाक सोडलं की कुंभार्ली घाटात धुकं असं बसायचं की मोरीच्या कठड्याला मारलेला पांढरा पट्टा तेवढा दिसायचा. केबिनमधून तुम्हा मोटरसायकलवाल्यांचं काय दिसतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. वळणावर तू गाडी कलती करतेस तेव्हा चाक तुझ्या बाजूला असतं, पण डोकं माझ्या बाजूला आलेलं असतं. पांढरी रेघ चाकासाठी आहे असं समजू नकोस, डोक्यासाठी आहे. दुसरं, अवघड वळणावर एस.टी. बाहेरून मोठी घ्यावी लागते, तेव्हा आतल्या अंगाला मोकळी जागा दिसते. नवखा पोरगा नेमका तिथं घुसतो. पण मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापत येतं आणि ती जागा बघता बघता मिटते. आरशात एक हेल्मेट दिसलं आणि मग दिसेनासं झालं, की माझ्या पोटात गोळा यायचा. एकदाच असा आला होता की गाडी थांबवून खाली उतरलो. पोरगा दरडीला चिकटून उभा होता, गाडी आडवी, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याला चार शिव्या घातल्या आणि कंडक्टरकडची पाण्याची बाटली दिली.

उतारावर क्लच दाबून गाडी सोडायची नाही, ज्या गिअरला चढ चढतो त्याच गिअरला उतरायचं, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. हे तुला येतं. पहिल्या पावसात डांबरावरचं ऑइल वर येतं, तेही तुला सांगितलेलं आहे.

झोपेचं मात्र कधी सांगितलं नाही. त्याला कारण आहे.

माझ्या डाव्या पोटरीवरचा डाग तू लहानपणी बोट फिरवून बघायचीस. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडाला, असं मी सांगितलं होतं. तुझ्या आईलाही लग्नाआधी तेच सांगितलं. ते खोटं आहे. आई आत्ता शेजारीच बसून वाचतेय आणि चष्म्यावरून बघतेय.

१९८८ साल. मी चोवीस वर्षांचा. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात चिंचेखाली गाणं असतं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं. खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांची कबर तिथंच आहे. मोठमोठे गवई तिथं हजेरी लावायला येतात, तिकीट नाही, सतरंजीवर जागा मिळेल तिथं बसायचं. मी आणि पेटीवाले काका त्यांच्या थोरल्या भावाची येझदी घेऊन गेलो. तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर, किक मारून झाली की तीच दांडी पुढं पाडून गिअरला वापरायची. आम्हाला ती गाडी म्हणजे काय विचारू नकोस.

काकांनी त्या रात्री गवयाकडं बघितलंच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत साथीच्या पेटीवाल्याच्या बोटांकडं बघत होते आणि स्वतःच्या मांडीवर बोटं चालवत होते. पहाटे भैरवी झाली. आम्ही स्टँडवर दोन-दोन चहा घेतले, तोंडावर पाणी मारलं आणि निघालो. मी पुढं, काका मागं. मला अजिबात झोप येत नव्हती, उलट अंगात नुसती भैरवी भरली होती. सांगलीत आयर्विन पूल ओलांडलेला आठवतो, खाली कृष्णेवर वाफ होती. आष्टा आठवत नाही. आष्टा गेलं होतं, कारण पडलो ते आष्ट्याच्या पुढं. पण एवढं मोठं गाव मी उघड्या डोळ्यांनी पार केलं आणि मला त्यातली एक पानाची टपरीसुद्धा आठवत नाही.

जाग आली ती उसात. गाडी माझ्या पायावर, सायलेन्सर पोटरीला चिकटलेला, आणि पेट्रोलचा वास. काका पाटाच्या दगडावर उजव्या हातावर पडले होते. ओरडले नाहीत. "पेटी आणली नव्हती ते बरं," एवढंच म्हणाले.

हात प्लास्टरमधून निघाला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकेना. अजून वाकत नाही. लहानपणी तू विचारायचीस ना, हे काका तर टाळ वाजवतात, मग सगळे त्यांना पेटीवाले का म्हणतात? मी म्हणायचो, त्यांच्या घरी जुनी पेटी आहे म्हणून.

आणखी एक राहिलं. एस.टी.त ड्रायव्हर व्हायचं मी तेव्हापासून डोक्यात घेतलं होतं. गावात बोभाटा झाला असता तर कुणी माझ्या हातात बैलगाडीसुद्धा दिली नसती. दवाखान्यात त्यांचा थोरला भाऊ आल्या आल्या काका म्हणाले, गाडी मी चालवत होतो. भावानं सगळ्यांसमोर कानाखाली काढली, प्लास्टरही अजून ओलं होतं. मी बाकड्यावर बसून बघत राहिलो. तोंड उघडलं नाही. १९९१ ला मी एस.टी.त लागलो तेव्हा पहिले पेढे त्यांच्याकडं नेले, तेव्हाही नाही.

साठच्या वेगात गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. डुलकी तीन सेकंदांची धरली तर ५० मीटर होतात. तेवढ्यात ताम्हिणीत किती वळणं येतात ते तूच बघ. पुढं रातराणी चालवताना मी एक सवय लावून घेतली. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान स्वतःला विचारायचं, मागचं गाव कुठलं गेलं? लगेच नाव आलं तर ठीक. आठवावं लागलं की गाडी बाजूला. चहा, तंबाखू, खिडकी उघडी, गाणी मोठ्यानं, हे सगळं करून बघितलंय. त्यानं झोप जात नाही, झोप आलीय हे कळणं तेवढं जातं. वीस मिनिटं डोळा लावला की काम होतं. पॅसेंजर ओरडतात, ओरडू देत.

तेव्हा शनिवारी गाणं असेल तर रविवारी घाट नाही. घाट असेल तर शनिवारी दहाला आडवं व्हायचं. दोन्ही कर, पण एका रात्रीत नको. तुमच्या त्या ग्रुपमध्ये हे तू सांग, माझं नाव घेऊन सांग. म्हातारा कटकट करतो म्हण, मला चालेल. त्यातलं कुणी मागं बसणारं असेल तर त्याला आधी सांग.

हे लिहू का म्हणून काल काकांना विचारायला गेलो. ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लिही की. पण मी वाजवायचो बरा, हेही लिही. पोरीनं कधी ऐकलं नाही."

म्हणून लिहितो. फार चांगलं वाजवायचे.

पुढच्या एकादशीला सुट्टी मिळाली तर ये. गिटारवाल्याला आणि त्या खोकंवाल्यालाही आण, देवळात जागा भरपूर आहे. बारस इथंच सोडा, दुपारी झोपा आणि संध्याकाळच्या आत पुण्याला पोचा.

तुझे
आबा

ता. क. : फोटोत तुझ्या गाडीची चेन लोंबलेली दिसते. ताणून घे आणि ऑइल सोड. आई म्हणते, काहिलीचा चटका ऐकून तिनं लग्नानंतर वर्षभर पोटरीला लोणी लावलं, त्याचा हिशोब ती माझ्याशी वेगळा करणार आहे.