मागे टाकायला पुढे होते कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात क्रीडा पानावर जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या हौशी हिल क्लाइंब शर्यतीची बातमी वाचली. छायाचित्र झकास आहे, छायाचित्रकाराचे अभिनंदन. त्याखालच्या ओळीने मात्र हसू आले : ‘प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून वळण घेताना लाल मोटार.’ अहो, मागे टाकायला पुढे होते कोण? हिल क्लाइंबमध्ये गाड्या एकेक करून सोडतात. ज्याने त्याने आपला चढ चढायचा, कमी-जास्त काय ते घड्याळ ठरवते. चित्रात मागे पुसटशी दिसणारी हिरवी गाडी तर उभीच आहे, तिची पाळी यायची होती. ती माझी, म्हणून इतक्या खात्रीने सांगतो.

पण केवळ त्या ओळीसाठी पत्र लिहिले नसते. बातमीत पहिल्या आलेल्याचे नाव आहे, त्याची वेळ आहे आणि शेवटी ‘मिनिटभराच्या थरारासाठी हौशी मंडळींनी दोन दिवस खर्ची घातले’ असा एक टोमणा आहे. बाकी आम्हा सगळ्यांचे काय झाले, याचा पत्ता नाही. आता दोन दिवसांचा विषय काढलाच आहे, तर हिशेब देतो.

शनिवारी सकाळी तांत्रिक तपासणी. तपासनीस बॅटरी धरून हलवून पाहतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) स्प्रिंगने आपोआप मिटतो का ते बघतो, हेल्मेट आणि पट्टे तपासतो. तोवर आम्ही गाडीतून स्टेपनी, जॅक, पाने, पायाखालच्या चटया असे सगळे वजन उतरवून ठेवलेले असते. पेट्रोलही मोजकेच. मात्र फार कंजुषी केली, तर वळणावर ते टाकीच्या एका कडेला धावते आणि इंजिन ऐन मोक्याला उचक्या देते. एका वर्षी माझ्याच गाडीने दिल्या.

माझी गाडी १९६४ची एमजीबी. १,७९८ सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, आणि पहिल्या गिअरला सिन्क्रोमेश, म्हणजे धावत्या गाडीत गिअरचे दाते आपोआप जुळवून देणारी सोय, नाही. तो या मॉडेलला १९६७च्या अखेरीस मिळाला. आमचा चढ जेमतेम सव्वा किलोमीटरचा, पण त्यातल्या तिसऱ्या वळणाला हा न मिळालेला सिन्क्रोमेश फार आठवतो. वळण अगदी केसाच्या पिनेसारखे. दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावे तर इंजिन मरगळते. पहिल्यात घ्यावे तर धावत्या गाडीत दाते जुळत नाहीत. मग चवडा ब्रेकवर तसाच ठेवून क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडून त्याच उजव्या पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला एक टोला द्यायचा, पुन्हा क्लच, आणि मग पहिला. हे सगळे सेकंदाभरात, तेही एका हाताने स्टिअरिंग वळवायला घेत. जमले तर गिअर मुकाट बसतो. नाही जमले तर अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असे खर्रर्र होते, आणि वळणावरचे मार्शल, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारी मंडळी, आपला दात दुखल्यासारखे तोंड करतात.

पुढे वळणातून निघताना आतले मागचे चाक हलके होऊन जागीच गरगरू लागते. इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शिअलची खोडच अशी, की ज्या चाकाला पकड नाही त्याच्याकडेच ताकद वाहून जाते. तिथे पाय जरा सैल केला तर गाडी लवकर वर जाते. हे डोक्याला केव्हाच पटले आहे. पायाला अजून पटत नाही.

सुरुवातीच्या रेषेचीही एक गंमत आहे. मार्शल मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवतो, म्हणजे चढावर गाडी धरून ठेवायला ब्रेक लागत नाही. हिरवा दिवा लागला तरी त्याच क्षणी सुटायची सक्ती नाही, कारण घड्याळ दिव्याने सुरू होत नाही. गाडीने रेषेवरचा प्रकाशकिरण तोडला की ते सुरू होते. घाबरट माणसाला तेवढा एक श्वास फुकट मिळतो. मी दोन घेतो.

शनिवारच्या सरावात माझ्या वेळा ५८.९१ आणि ५७.४० सेकंद. रविवारी पहिल्या फेरीत ५६.८८, दुसरीत त्याच तिसऱ्या वळणावर गिअर हुकला आणि ५९.१२. माझ्या गाडीच्या वर्गात (गटात) अकरा गाड्या, त्यात मी नववा. याची बातमी होत नाही, हे मला कळते. पण गेल्या वर्षीची माझी सर्वांत चांगली वेळ ५७.६३ होती. पाऊण सेकंद! तो पाऊण सेकंद मिळवायला वर्ष गेले, मिनिट नव्हे.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. त्यांची ट्रायम्फ टीआर३ आधी ते चालवतात, मग त्यांच्या पत्नी. गाडी एकच, रस्ता तोच, आणि बाईंची वेळ यजमानांपेक्षा ०.१९ सेकंदाने कमी. ‘तिला टायर गरम मिळाले,’ असे ते संध्याकाळपर्यंत भेटेल त्याला सांगत होते. यात तथ्य आहे. इतक्या छोट्या चढाईत पहिल्या चालकाचे टायर तापायच्या आतच शर्यत संपते. पण पुढच्या वर्षी बाई आधी चालवणार आहेत, आणि तो निकाल मला कुठे वाचायला मिळणार?

बातमीत या खेळाला ‘अलीकडचे फॅड’ म्हटले आहे. १८९७ साली फ्रान्समध्ये नीस ते ला तुर्बी या चढणीवर मोटारींची शर्यत झाली होती. अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर १९१६ साली सुरुवात झाली. तिथे १५६ वळणे आहेत आणि शेवट जवळपास ४,३०० मीटर उंचीवर. तिथल्या विरळ हवेत साध्या कार्बोरेटरच्या इंजिनाची सुमारे तिसरा हिस्सा ताकद गळते. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शची, आज १,००० यार्डांची, म्हणजे ९१४ मीटरची असलेली चढण तर १९०५पासूनची. त्या पहिल्या वर्षीची सर्वोत्तम वेळ ७७.६ सेकंद होती. आज खास बनवलेल्या गाड्या तिथे २३ सेकंदांच्या आत वर पोहोचतात. शंभर वर्षांहून जुना हा ७७.६चा आकडा मला आज सांगता येतो, तो तेव्हा कोणीतरी लिहून ठेवला म्हणून.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी वर्गवार यादी छापा, सगळ्यांच्या सगळ्या वेळांसकट. जागेची अडचण असेल तर टाइप बारीक चालेल, आम्ही चष्मा लावून वाचू. विजेत्याचे छायाचित्र दोन बोटे लहान केले तरी एक अख्खा वर्ग मावतो. आणि चित्राखाली काय लिहावे असा प्रश्न पडला, तर यंदाचे असे लिहिता आले असते : लाल गाडी, ५१.०७. मागची हिरवी, ५६.८८.

आपला,
हिरव्या गाडीचा चालक