पहिल्याच सामन्यात संपणारा वर्षभराचा खेळ

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू झाल्या की चौदा वर्षांखालील मुलांचा संघ घेऊन मी वर्षानुवर्षे मैदानावर गेलो आहे. सामने बाद पद्धतीचे असल्याने ३२ संघ उतरले, तर त्यांतील १६ संघांचा वर्षभराचा खेळ पहिल्याच सामन्यात आटोपतो. मग संघ निवडताना शिक्षक (त्यांत मीही आलो) थोराड अंगाची मुले घेतात आणि उशिरा वाढणारी मुले पाण्याच्या बाटल्या सांभाळतात.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये बालक्रीडेची नियमावली केली व २००७ मध्ये तिला मुलांच्या हक्कांची जोड दिली. मूल ज्या वर्षी अकरा वर्षांचे होते, त्याआधी तेथे गुणतक्ता किंवा क्रमवारी लावता येत नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी तेराव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. आणि बक्षिसे द्यायचीच, तर ती सर्व मुलांना द्यावी लागतात. याच देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके जिंकून तोवरचा विक्रम मोडला.

'छोट्या देशाला हे जमते,' असे कोणी म्हणेल. नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आहे आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची ६१ लाख होती. पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. गावोगाव बंदिस्त क्रीडागृहे बांधणे आपल्याला परवडणार नाही. परंतु साखळी सामन्यांसाठी, म्हणजे गटातील प्रत्येक संघाने इतर सर्वांशी खेळण्यासाठी, क्रीडागृह नव्हे, मोकळ्या तारखा लागतात.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनी वल्हे हाती घेतले ते लष्करात भरती झाल्यावर, आणि २०१६ मध्ये ते रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले. चौदाव्या वर्षी त्यांच्यातील नौकानयनपटू कोणत्या निवड समितीला दिसला असता? सातवीतल्या मुलाच्या पालकांनी दहावीत खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव क्रीडागुणांची चौकशी करावी, इतकी घाई आपल्याला झाली आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. चौदा वर्षांखालील गटाची पहिली फेरी तरी चार-चार शाळांचे गट पाडून साखळी पद्धतीने खेळवावी, म्हणजे प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील आणि बाकावरच्या मुलांनाही उतरवण्याचे धाडस शिक्षक करतील. जिल्हा क्रीडा कार्यालयाने पुढील वेळापत्रक आखण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांची बैठक घेऊन यावर निर्णय करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, इंदिरानगर, नाशिक