भूगोलाचा राहिलेला पेपर

नागपूर, २४ मार्च २०२३

प्रिय बेटा,

काल फोनवर तू म्हणालास, आई आता सगळं नॉर्मल झालंय, तू अजून कोरोनाचं तेच काय धरून बसलीस. तुझ्या मागे मित्रांचा आवाज येत होता म्हणून मी काही बोलले नाही, पण रात्रभर ते डोक्यात फिरून राहिलं, म्हणून लिहितेय.

आजची तारीख बघ. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी रात्री आठ वाजता टीव्हीवर २१ दिवसांचा लॉकडाऊन सांगितला होता. तू भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होतास, कारण २३ तारखेचा दहावीचा पेपर पुढे ढकलला होता न तो कधी होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग तो रद्दच झाला न बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क दिले. तू खूश झालास. आबा मात्र म्हणाले होते, न लिहिलेल्या पेपरचे मार्क कसे काय गा? मला आता वाटतं आपण त्या पूर्ण दोन वर्षांचं तसंच केलं, पेपर लिहिलाच नाही, सरासरी लावली न पुढच्या वर्गात येऊन बसलो.

माझ्या वर्गातच पाहा न. या वर्षी माझ्याकडे तिसरी आहे. ही पोरं जून २०२० ला पहिलीत आली, म्हणजे कागदावर आली, खरोखर बाकावर बसली तेव्हा दुसरी संपत आली होती. एक पोरगा पेन्सिल अख्ख्या मुठीत धरतो. त्याचा बाप रात्री कामावरून आला की घरात फोन यायचा, मग नऊ वाजता त्याची शाळा भरायची, तेव्हा त्याचं बोट कोण धरणार होतं? मागचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तो आम्ही मनापासून केला, पण तोही तेव्हा फोनवरच. आणि आता विचारतात, सिलॅबस किती झाला. मी म्हणते आधी त्याला पेन्सिल तर धरू द्या, तर म्हणतात मॅडम, आता सगळं रेग्युलर झालं आहे. कोणाचं रेग्युलर झालं बाप्पा?

मला लॉकडाऊन परत नको आहे, तसं समजू नकोस. गेल्या वर्षी पाडव्याला मास्कची सक्ती गेली तेव्हा मलाही मोकळं वाटलं, आणि दोन वर्षांनी पोद्दारेश्वर राममंदिराची रामनवमीची शोभायात्रा निघाली तेव्हा मी गर्दीत उभी राहून रडले, आनंदानेच रडले.

पण परवा जी-२० चे पाहुणे आले होते तर वर्धा रोड किती सजवला होता, भिंती रंगवल्या, झाडांना लाइटिंग, जिकडे तिकडे कुंड्या, लोक रात्री मुद्दाम गाड्या काढून बघायला जात होते, आम्ही पण गेलो. छान होतं. मला मात्र तिथे मे २०२० दिसत होता. त्याच रस्त्याने हैदराबादकडून माणसं चालत येत होती, पांजरीच्या टोल नाक्यावर शहरातले लोक त्यांना जेवू घालत होते, मी घरी पोळ्या लाटायची न तू न बाबा पाणी आणि जुन्या चपला घेऊन जायचे. एका माणसाने तुला विचारलं होतं, सिवनी किती दूर आहे. तू मोबाइलवर पाहून सांगितलं, सव्वाशे किलोमीटरच्या वर, तर तो म्हणाला, "बस, आ ही गया." त्या रात्री तू जेवला नाहीस, नकाशा उघडून बसला होतास. आणि मला म्हणालास, आई, यांना आता कोणी विसरू शकणार नाही.

ती माणसं परत आली बेटा. मानेवाड्याकडे सिमेंट रोडचं काम सुरू आहे तिथे ताडपत्र्या लावून राहतात, लेकरं मुरमाच्या ढिगावर खेळत असतात. मी रोज बाजूने स्कूटीने जाते. थांबत नाही. मी पण थांबत नाही, हे मला तुला सांगायचं होतं.

आणि आबा. १९ एप्रिल २०२१. तो आठवडा तुला आठवतो, आपलं घर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या रस्त्यावर, रात्रंदिवस सायरन, आणि बाबा आबांना घेऊन चार दवाखाने फिरले तेव्हा कुठे पाचव्या ठिकाणी बेड मिळाला, तोही उशिरा. मी न तू पॉझिटिव्ह, आतल्या खोलीत. घाटावर बाबा एकटे. दहावा, तेरावा काही धड झालं नाही, गुरुजींनी फोनवर मंत्र सांगितले. २३ तारखेला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे नागपुरात आली, टीव्हीवर दाखवत होते, बाबा उभे राहूनच पाहत होते, मग टीव्ही बंद केला न कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या रविवारी मला भाजीबाजारात आबांचे सकाळच्या फिरण्यातले एक मित्र भेटले, काठी टेकत चालून राहिले होते. मला म्हणाले, सूनबाई, भाऊ दिसत नाहीत बरेच दिवस, गावाकडे गेले काय? दोन वर्षं झाली बेटा, त्यांना माहीतच नाही. मी तिथेच हिरव्या सांभाराची, कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी राहिले, त्यांना कसं सांगितलं ते माझं मलाच आठवत नाही. ते तिथल्या ओट्यावर बसले न त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

म्हणून म्हणते ये. मंगळवारी, २८ ला, चैत्र शुद्ध सप्तमी, आबांची तिथी. तेव्हा जे येऊ शकले नाहीत त्या सगळ्यांना मी जेवायला बोलावलंय, बाबांना विचारलं तर नुसती मान हलवली पण संध्याकाळी स्वतःच पत्रावळ्या घेऊन आले. तुझं सबमिशन बुधवारी आहे ते मला माहीत आहे, सरांना आजच सांगून ठेव, सोमवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडलीस तर सकाळी पोचशील. त्या काकांना आपल्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून पंगत खाली अंगणातच मांडतोय, आणि वाढायला तू पाहिजे.

तुझी
आई