सीमेवर घेतलेल्या माहितीचा हिशेब प्रवाशालाही द्या

मा. केंद्रीय गृहमंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

ई-पासपोर्टला, म्हणजे चिप बसवलेल्या पासपोर्टला, माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. मी नाशिकची. देशाचे पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, याचा मला अभिमान आहे. चिप बसवलेल्या पासपोर्टची सुरुवात एप्रिल २०२४ मध्ये झाली. पहिल्या शहरांच्या यादीत नागपूर आणि गोवाही होते.

खिशातला पासपोर्ट कुणीही लांबून वाचेल, अशी भीती अनेकांना वाटते. ते इतकं सोपं नाही. फोटोच्या पानावर तळाशी अक्षरं, आकडे आणि बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. काउंटरवरचं यंत्र आधी त्या वाचतं. त्यातला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांतून किल्ली तयार होते, तेव्हा कुठे चिप उघडते. आतल्या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते. कुणी फोटो बदलला तर सही जुळत नाही आणि बनावटगिरी तिथेच उघडी पडते.

माझी काळजी त्यापुढची आहे. पासपोर्ट आपल्या हातात परत येतो, वाचून घेतलेली माहिती येत नाही.

२२ जून २०२४ रोजी आपण दिल्ली विमानतळावर फास्ट ट्रॅक इमिग्रेशन सुरू केलंत. चेहरा आणि बोटांचे ठसे एकदा दिले की ई-गेटमधून झटपट बाहेर पडता येतं. लोकांचा वेळ वाचतो, हे खरंच. पण ते ठसे किती वर्षं ठेवणार, कोणकोणत्या खात्यांना दाखवणार, नोंदणी रद्द केली तर पुसणार का? अर्ज भरणाऱ्याला हे साध्या मराठीत, सहीआधी कळायला हवं. अर्थमंत्रालयाच्या २०२२ च्या नियमांनुसार विमान कंपन्यांना प्रवाशांची बुकिंगची माहिती उड्डाणाच्या २४ तास आधी सीमाशुल्क खात्याला द्यावी लागते. त्यात पैसे कसे भरले, सोबत कोण, सीट कुठली, सामान किती, सगळं येतं. ती पाच वर्षं ठेवली जाते. मुदत लांब आहे, पण निदान लिहिलेली तरी आहे.

युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या सीमांवर परदेशी प्रवाशांचे ठसे आणि चेहरा नोंदवायला सुरुवात केली. तिथल्या कायद्यात ही नोंद साधारण तीन वर्षं ठेवण्याची मर्यादा आहे, शिवाय ती पाहण्याचा आणि चुकली तर दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे. म्हणजे पॅरिसला उतरलेल्या पुणेकराला तिथे जी हमी मिळते, तीच त्याला मुंबईत मिळायला नको का? आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम १७ तर अधिसूचना काढून सरकारी यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याची मुभा केंद्र सरकारला देतं. इमिग्रेशनला अशी सूट सरसकट देऊ नये.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो लूकआउट सर्क्युलरपायी, म्हणजे एखाद्याला देशाबाहेर जाताना अडवण्याच्या सूचनेपायी, अडकणाऱ्यांसाठी. ज्याच्या नावाने ते निघतं, त्याला आधी कळवत नाहीत. काउंटरवर अधिकारी स्क्रीनकडे बघतो, “बाजूला थांबा” म्हणतो, आणि विमान निघून जातं. रत्नागिरीहून आखातात कामाला निघालेल्या माणसाचं अशा वेळी नुसतं तिकीट बुडत नाही. व्हिसाची मुदत आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतात. सरकारी बँकांचा अशी सर्क्युलर मागण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केला. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि ते रोखायचं तर न्याय्य कार्यपद्धती हवी, असं सर्वोच्च न्यायालय मेनका गांधी खटल्यात १९७८ मध्येच सांगून बसलंय.

म्हणून विनंती आहे. माहिती ठेवण्याची मुदत राजपत्रात जाहीर करा. अडवलेल्या प्रत्येकाला कुणाच्या सांगण्यावरून अडवलं, हे त्याच दिवशी लेखी द्या. नावातल्या साम्यामुळे अडकलेल्याची तक्रार ऐकायला इमिग्रेशन ब्युरोच्या हाताखाली नसलेला अधिकारी नेमा, आणि त्याने किती दिवसांत निकाल द्यायचा तेही नियमात लिहा.

आपली,
नाशिकची एक पासपोर्टधारक