मुद्दा नंबर ७

प्रिय प्राजू,

दोन वर्षं झाली गं. दिवाळीला नुसता पणतीचा फोटो पाठवला, तोही ग्रुपवर आलेला. रागात होते, माहितीये तुला. आता लिहितेय कारण काल अपिलाची कॉपी हातात आली, आणि हे घरात कुणाला सांगून कळायचं नाही.

आईचे गुडघे तसेच, बाकी बरं.

सोनीच्या नवऱ्याच्या केसचा निकाल तुला कळला असेलच. फेब्रुवारी २०२४, ४९८अ म्हणजे सासरचा छळ आणि ३२३ म्हणजे मारहाण, या कलमांखाली दोन वर्षं. पेढे आणू का विचारलं तर सोनी नको म्हणाली. आणि संध्याकाळी तो घरी! तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असली आणि माणूस आधीपासून जामिनावर असला की अपील करेपर्यंत तेच कोर्ट जामीन देतं, मग तीस दिवसांत सेशन्सला अपील, तिथं शिक्षा स्थगित. सगळं कायद्याला धरून आहे गं, पण सोनी विचारते, मग त्याला लागलं काय? काय सांगू तिला?

अपिलात साक्षी परत होत नाहीत. खाली जे टाइप झालं तेच वरचे जज पहिल्यापासून वाचतात. आणि त्यात माझी उलटतपासणी आहे, जी मी तुला कधी सांगितलीच नाही. त्यांच्या वकिलानं विचारलं, सोनी अनवाणी पळाली म्हणता, मग डॉक्टरच्या सर्टिफिकेटात तळपायाला साधं खरचटल्याचंही कसं नाही? मी म्हटलं, फाटकापासून गाडीपर्यंतच अनवाणी होती, मग मोजे घातले. "कुणाचे मोजे?" शपथ घेतलेली होती प्राजू, तोंडातून निघून गेलं, मैत्रिणीचे.

आणि पोलिसांच्या जबाबात काय होतं? मी एकटीच गेले होते. तू हात जोडलेस, सासरी कळलं तर संपलं म्हणालीस, म्हणून मीच तसं सांगितलं होतं. आता त्याच्या अपिलातला मुद्दा नंबर ७ म्हणजे तेवढंच. बहिणीनं, म्हणजे मी, जबाब बदलला, मैत्रीण असलीच तर महत्त्वाची साक्षीदार मुद्दाम लपवली, म्हणून संशयाचा फायदा द्या. खोटं मी बोलले आणि त्याचा फायदा त्याला. दोन वर्षं तुला दोष दिला, पण जबाब माझा आहे.

रात्रभर तो रस्ताच डोळ्यासमोर. जानेवारीची थंडी, पाचवड फाट्याच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर, एका स्कूटीवर तिघी, सोनी मधे. तू त्या ट्रॅक्टरवाल्याला अशा शिव्या घातल्यास की ती रडता रडता हसली, आठवतं? गाल सुजलेला, तरी हसली. मोजे अजून तिच्या कपाटात आहेत, करडे, अंगठ्याला भोक पडलेले, टाकू देत नाही.

भांडणात तू म्हणालीस मलाही घर आहे, आणि मी म्हणाले मग मोजे तरी कशाला दिलेस. ते बोलायला नको होतं. खरंच नको होतं.

वकीलबाई म्हणतात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ खाली अपिलातही जादा पुरावा घेता येतो. पण कोर्ट सहसा देत नाही, सरकारी बाजूची राहिलेली भोकं बुजवायला तर नाहीच, न्यायासाठी गरज वाटली तरच, आणि त्याची कारणं लिहावी लागतात. अर्ज सरकारी वकिलांना करावा लागेल. नामंजूरही होईल. त्यांनी विचारलं, ती येईल का? मी म्हटलं, विचारून सांगते.

तर विचारतेय. आलीस तर तिथं उलटतपासणी होईल, तुझ्या घरी कळेल, हे लपवत नाही तुझ्यापासून. नाही म्हणालीस तरी या वेळी मी गप्प बसणार नाही, फोन करत राहीन.

तुझं काय चाललंय? पिल्लू शाळेत जायला लागलं का? तुझ्या ह्यांची बदली झाली का शेवटी? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं ना? सगळं सांग.

रात्री दहानंतर फोन कर, आई तोवर झोपलेली असते. सोनीला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझी,
वैशू