बंद प्रिंटरच्या नोंदींनी आमची सी ड्राइव्ह भरली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बिलिंग सॉफ्टवेअरच्या बेसुमार लॉग नोंदींबाबत तक्रार

महोदय,

गडहिंग्लजला आमचं किराणा दुकान आहे. आपलं बिलिंग सॉफ्टवेअर गेल्या वर्षी पूर्ण पैसे भरून घेतलं. या महिन्याच्या 7 तारखेला संध्याकाळी, महिन्याचा बाजार न्यायला आलेली माणसं काउंटरवर उभी असताना बिल सेव्ह होईना. 'डिस्क भरली आहे' एवढाच संदेश. रात्री साडेनऊपर्यंत मी वहीत बिलं लिहिली. पुढचे दोन दिवस ती संगणकात चढवण्यात गेले, कारण 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं होतं.

संगणकाला 256 जीबीची एसएसडी आहे आणि त्यावर दुकानाच्या कामाशिवाय काही नाही. भाच्याने शोधलं तेव्हा ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये आपल्या सॉफ्टवेअरची एकच लॉग फाइल (सॉफ्टवेअर आपल्या कामाच्या आणि चुकांच्या नोंदी लिहितं ती) सापडली, 83 जीबीची! नोटपॅडमध्ये ती उघडेचना. त्याने शेवटचा तुकडा वेगळा काढून दाखवला. 'लेबल प्रिंटर मिळाला नाही, पुन्हा प्रयत्न' आणि खाली चाळीसेक ओळींचं शेपूट. परत तेच, सेकंदाला चार वेळा. एक नोंद साधारण 2 केबीची, म्हणजे दुकानाच्या दहा तासांत 280 एमबी. आम्ही डाळ-साखरेची पाकिटं फक्त सोमवारी भरतो, लेबल प्रिंटर तेव्हाच लावतो. एरवी तो बंद असतो, आणि त्यात बिघाड काहीच नाही.

आपल्या ग्राहक सेवेच्या माणसाने फाइल डिलीट करायला सांगितली. केली. आठ दिवसांत ती पुन्हा 2 जीबीवर गेली. मग कळलं की चाचणीसाठीची, बारीकसारीक सगळं लिहून ठेवणारी डीबग पातळी आमच्या आवृत्तीत चालूच राहिली आहे आणि ती बंद करायची सोय सेटिंगमध्ये नाही.

लॉग नकोच, असं माझं म्हणणं नाही. दिवाळीत वीज गेल्यावर अर्धवट राहिलेलं बिल त्याच नोंदींवरून सापडलं होतं. पण आता खरी चूक झाली तरी या ढिगाऱ्यात ती दिसणार कशी?

सर्वांत जास्त मला लागलं ते वेगळंच. त्याच फाइलमध्ये गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर आणि उधारीचे आकडे उघडे लिहिलेले आहेत. आणि 'तपासायला' म्हणून फाइलचा तुकडा आपण मेलवर मागितलात! गावातली माणसं विश्वासाने उधारी सांगतात. मी तो पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही.

तेव्हा डीबग पातळी बंद करून द्यावी. तीच चूक पुन्हा झाली तर एकदाच लिहून पुढे किती वेळा झाली तो आकडा वाढवावा. फाइल 10 एमबीची झाली की नवी सुरू व्हावी, जुन्या पाचच राहाव्यात. लिनक्समधलं नोंदी ठेवणारं सिस्टमडी जर्नलसुद्धा मूळ सेटिंगमध्ये डिस्कच्या 10 टक्क्यांवर, फार तर 4 जीबीवर स्वतःला आवरतं. नंबर आणि उधारी लॉगमध्ये मुळीच येऊ नये.

सुधारित आवृत्ती 15 दिवसांत मिळावी. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तोवर दर रविवारी दुकान बंद केल्यावर ती फाइल मी हाताने काढते आहे.

आपली,
एक ग्राहक, गडहिंग्लज